३-४-५ च्या त्रिकोणातील सर्वांत लहान समभुज त्रिकोण

बाजू ३, ४ आणि ५ सेंटिमीटर असलेला काटकोन त्रिकोण कागदावर काढावा आणि त्याच्या प्रत्येक बाजूवर एकेक शिरोबिंदू येईल असा समभुज त्रिकोण त्यात बसवून पाहावा. असे त्रिकोण अगणित निघतात, हे थोड्याच प्रयत्नांत ध्यानात येते. त्यांपैकी सर्वांत लहान कोणता, हा खरा प्रश्न आहे.

समभुज त्रिकोणाची एक बाजू कर्णाला समांतर ठेवली की तो सर्वांत लहान होईल, असे आकृती पाहून वाटते. त्या त्रिकोणाची बाजू सुमारे १.७८३ सेंटिमीटर येते. हे उत्तर चुकीचे आहे. परंतु ती चूक पट्टीने मोजून कधीच सापडणार नाही, कारण खऱ्या उत्तरापासून ते सेंटिमीटरच्या शंभराव्या भागाइतकेही दूर नाही. म्हणूनच हे उदाहरण मला फार मोलाचे वाटते.

काटकोनाच्या शिरोबिंदूपासून ४ सेंटिमीटरच्या बाजूवर क्ष अंतरावर एक बिंदू आणि ३ सेंटिमीटरच्या बाजूवर य अंतरावर दुसरा बिंदू घेऊ. पायथागोरसच्या प्रमेयानुसार समभुज त्रिकोणाच्या बाजूचा वर्ग क्ष² + य² इतका होतो. या दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषाखंडाच्या मध्यापासून कर्णाच्या दिशेने, त्या रेषाखंडाला लंब, त्याच्या लांबीच्या √३/२ पट अंतर चालून गेले की तिसरा शिरोबिंदू मिळतो. तो कर्णावरच पडला पाहिजे, ही अट मांडून सोपे रूप दिले की पुढील समीकरण हाती येते :

(३ + ४√३) क्ष + (४ + ३√३) य = २४

हे समीकरण एका सरळ रेषेचे आहे, आणि सगळे सौंदर्य इथेच आहे. क्ष आणि य यांची जोडी म्हणजे प्रतलावरील एक बिंदू मानला, तर क्ष² + य² हा त्या बिंदूच्या आरंभबिंदूपासूनच्या अंतराचा वर्ग ठरतो. म्हणजे सर्वांत लहान समभुज त्रिकोण शोधणे आणि आरंभबिंदूपासून या रेषेवर लंब टाकणे, ही दोन्ही कामे एकच आहेत; कलनशास्त्राची गरजच उरत नाही. लंबाची लांबी २४ ÷ √(१०० + ४८√३), म्हणजे सुमारे १.७७३ सेंटिमीटर भरते. तेव्हा क्ष सुमारे १.३० आणि य सुमारे १.२१ असतो.

कर्णाला समांतर असलेली रचना त्याच रेषेवरील दुसरा एक बिंदू आहे, आणि त्याची दिशा लंबापासून जेमतेम ६ अंशांनी ढळलेली आहे. लंबाच्या पायथ्याजवळ अंतर अतिशय संथपणे वाढत असल्यामुळे डोळा फसतो.

काटकोन नसला तरी, कोणताही कोन १२० अंश किंवा त्याहून मोठा नसेल, तर हाच विचार व्यापक रूपात टिकतो. दिलेल्या त्रिकोणाचा एक शिरोबिंदू आणि त्याच्या लगतच्या दोन बाजूंवरील आतल्या त्रिकोणाचे शिरोबिंदू यांतून वर्तुळ काढावे. अशी तिन्ही वर्तुळे एका बिंदूत मिळतात, हे ओग्यूस्त मिकेल या फ्रेंच गणितज्ञाने १८३८ मध्ये प्रसिद्ध केले. ज्यांच्या शिरोबिंदूंचा क्रम एकाच दिशेने (घड्याळाच्या काट्यांप्रमाणे किंवा उलट) जातो अशा सर्व अंतर्लिखित समभुज त्रिकोणांसाठी हा बिंदू तोच राहतो. त्याच्याभोवती त्रिकोण फिरतात आणि फिरताना लहानमोठे होतात. त्या बिंदूपासून तिन्ही बाजूंवर टाकलेल्या लंबांचे पाय जोडले की सर्वांत लहान त्रिकोण मिळतो.