तात्काळ हवामान अंदाज

पुढच्या दोन-तीन तासांत एखाद्या जिल्ह्यात किंवा शहरात पाऊस, विजा, गारा किंवा सोसाट्याचा वारा येईल का, हे रडार आणि उपग्रहाच्या ताज्या चित्रांवरून सांगण्याची पद्धत म्हणजे तात्काळ अंदाज. यालाच नाऊकास्ट असेही म्हणतात. रोजचा अंदाज मुख्यतः संगणकीय प्रारूपांवर बेततात. तात्काळ अंदाजाचा भर मात्र आभाळात आत्ता काय चालले आहे आणि ते कुठे सरकते आहे, यावर असतो.

अशा अंदाजाची गरज मुंबईने फार मोठी किंमत मोजून ओळखली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. जेमतेम पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्यात ७३ मिमी. एकाच शहरात एवढा फरक असेल, तर ‘मुंबईत मुसळधार’ हे दोन शब्द लोकलमध्ये अडकलेल्या माणसाच्या कामाचे नाहीत. तेव्हा मुंबईत डॉप्लर रडार, म्हणजे थेंबांचा वेगही मोजणारे रडार, नव्हते. ते पुढे कुलाब्यात उभे राहिले आणि २०२२ मध्ये मुंबईतल्याच वेरावलीला दुसरे आले.

रडार सूक्ष्मलहरींचे स्पंद सोडते आणि थेंबांवरून परतणारा प्रतिध्वनी मोजते. प्रतिध्वनी जितका जोरदार, तितका पाऊस मोठा, असा ढोबळ हिशेब. गारांमुळे तो चुकतो, कारण एखादी मोठी गार असंख्य बारीक थेंबांपेक्षा जास्त ऊर्जा परतवते. डॉप्लर पद्धतीत थेंब रडारकडे येत आहेत की दूर जात आहेत, हेही कळते. याचा एक साधा पण मोलाचा उपयोग आहे: आभाळ निरभ्र असताना चित्रात ठिपके दिसले आणि त्यांचा वेग शून्याजवळ असला, तर तो बहुधा पाऊस नसून डोंगर किंवा उंच इमारती असतात.

उपग्रह छत्तीस हजार किलोमीटर उंचीवरून पाहतो, त्यामुळे त्याला दिसतात ते ढगांचे माथे. भारतासाठी इन्सॅट-३डीआर आणि २०२४ मध्ये सोडलेला इन्सॅट-३डीएस हे काम करतात. अवरक्त, म्हणजे उष्णतेच्या किरणांवरून टिपलेल्या, चित्रात माथा जितका थंड, तितका तो पांढराशुभ्र. एप्रिल-मेमधल्या वळिवाला हे चित्र चांगले लागू पडते. दुपारी घाटमाथ्यालगत एक लहान पांढरा ठिपका उमटतो, पुढच्या दोन-तीन चित्रांत तो फुगतो, आणि तोवर रडारवर त्याच जागी जोरदार प्रतिध्वनीचा लाल गाभा दिसू लागतो. अंदाजकाराला हालचाल करायची ती याच वेळेत.

कोकणात मात्र नुसत्या उपग्रहावर भिस्त ठेवणारा फसतो. सह्याद्रीला अडून वर चढणाऱ्या वाऱ्यातून जो पाऊस पडतो, त्यातला बराचसा बुटक्या ढगांचा असतो. त्यांचे माथे फार थंड नसतात, म्हणून चित्रात ते फिकट करडे दिसतात आणि खाली धो धो कोसळत असते. उलट, विरून चाललेल्या वादळी ढगाचा उरलेला पातळ पडदा शुभ्र दिसतो, पण त्यातून थेंबही पडत नाही. रडारचीही मर्यादा आहेच. पृथ्वीच्या गोलाईमुळे अर्ध्या अंशाने सोडलेला झोत शंभर किलोमीटरवर जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंच जातो, आणि बुटका ढग त्याच्या खालून निसटू शकतो. म्हणून दोन्ही चित्रे शेजारी ठेवून, पर्जन्यमापकाचे आकडे जुळवून पाहणारा अनुभवी माणूस लागतोच.

वाचकांचा एक घोटाळा नेहमी होतो. रडारच्या नकाशातला लाल म्हणजे जोरदार प्रतिध्वनी. हवामान विभागाच्या इशाऱ्यातला लाल वेगळा: संभाव्य धोका ओळखून यंत्रणांनी तातडीने पावले उचलावीत, असा त्याचा अर्थ. दिवसाकाठी २०४.४ मिमीपेक्षा जास्त पावसाला विभाग ‘अत्यंत मुसळधार’ म्हणतो. हा दिवस मध्यरात्री बदलत नाही. तो सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असा धरतात. त्यामुळे मंगळवारच्या नोंदीतला पाऊस पुष्कळदा सोमवारी दुपारीच पडून गेलेला असतो.