बोटीचं इंजिन तापलं? आधी एक्झॉस्टचं पाणी बघा

डिझेल इंजिनात जळलेल्या इंधनातली साधारण एक तृतीयांश ऊर्जाच बोट पुढे ढकलायला मिळते. उरलेली बरीचशी उष्णता धुराबरोबर जाते आणि बाकीची पाण्यानं वाहून न्यायची असते. बहुतेक लहान बोटींत हे पाणी दोन वाटांनी फिरतं. इंजिनाच्या आत बंद वाटेनं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) फिरतं, बाहेरून खारं पाणी येतं. हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांमध्ये कूलंट आपली उष्णता खाऱ्या पाण्याला देतं आणि ते पाणी एक्झॉस्टमधून, म्हणजे धुराच्या नळीतून, बाहेर पडतं.

म्हणून तापमानाचा काटा चढला की आधी मागे वाकून बघावं. पाण्याची धार बारीक झाली असेल आणि वाफ येत असेल, तर दोष खाऱ्या वाटेवर आहे. वाफ हवेत लगेच विरते, धूर रेंगाळतो. इंजिन बंद करून पाणी आत येतं तिथून तपासत जावं: तोंडाला चिकटलेली प्लास्टिकची पिशवी, गाळणीतलं शेवाळ, गाळणीच्या झाकणातून ओढली जाणारी हवा.

पुढे पंपातला रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक. त्याला वंगण पाण्याचंच, त्यामुळे कोरडा फिरला की थोड्याच वेळात त्याची पाती फाटतात. नवा इम्पेलर बसवण्याआधी जुन्याची पाती मोजा. तुटलेले तुकडे पाण्याबरोबर पुढे जातात आणि हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकतात. ते शोधून काढले नाहीत, तर नव्या इम्पेलरनंही इंजिन तापतच राहतं.

धार जोरदार असूनही इंजिन तापत असेल, तर कूलंटची पातळी, पंपाचा पट्टा आणि थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप) बघा. सावकाश चालवताना ठीक आणि वेग वाढवला की ताप, असं होत असेल तर नळ्यांत क्षार साचल्याचा संशय घ्यावा. मीठ-साखर गरम पाण्यात जास्त विरघळतात, कॅल्शियम कार्बोनेटचं उलटं आहे. पाणी तापलं की ते बाहेर पडून नळीच्या भिंतीवर थर धरतं आणि हा थर उष्णता अडवतो. मात्र बोटीच्या बुडाला किंवा पाण्यातल्या पंख्याला (प्रोपेलरला) शिंपले चिकटले असतील, तरी इंजिनावर भार वाढून हेच लक्षण दिसतं. तेव्हा नळ्या साफ करायला घेण्याआधी तेही बघून घ्या.

चढलेला काटा अचानक खाली आला तर हायसं वाटून घेऊ नका. कूलंट संपून सेन्सर उघडा पडला असेल, तरीही काटा उतरतो. अशा वेळी इंजिन ताबडतोब बंद करा. कूलंटच्या टाकीचं झाकण मात्र इंजिन निवल्याशिवाय उघडू नका. आतलं कूलंट 100 अंशांच्या वर गेलेलं असूनही निव्वळ दाबामुळे उकळत नसतं. झाकण सैल होताच दाब जातो आणि ते उसळून अंगावर येतं.