जुने राइडिंग मोअर अजून का दुरुस्त होतात

अमेरिकेत साठ वर्षांपूर्वीचे राइडिंग मोअर, म्हणजे छोट्या ट्रॅक्टरसारखी बसून गवत कापायची यंत्रे, आजही हौसेने विकत घेऊन चालते केले जातात. त्यामानाने बरेच नवे मोअर गिअरबॉक्स गेला की सरळ भंगारात जातात. हा फरक ते कोणी आणि काय डोक्यात ठेवून बनवले यातून आला आहे.

हिरवळ कापायचे पहिले यंत्र इंग्लंडमधल्या एडविन बडिंगचे, १८३० सालचे. ते हाताने ढकलायचे होते. बसून गवत कापायची बाजारपेठ खरी वाढली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, शहराबाहेर अर्धा-एक एकराच्या अंगणांची घरे उभी राहिली तेव्हा. १९४६ मध्ये इंडियानातल्या साउथ बेंडला पाँड कुटुंबाने छोटे ट्रॅक्टर बनवायला घेतले. त्यातूनच व्हील हॉर्स ही कंपनी आली. मग शेतीचे ट्रॅक्टर बनवणारे मोठे कारखाने उतरले. इंटरनॅशनल हार्वेस्टरचा कब कॅडेट १९६१ चा, जॉन डिअरचा ११० हा १९६३ चा. दोघांत सुरुवातीला कोलरचे तेच ७ अश्वशक्तीचे के१६१ इंजिन होते. कब कॅडेटचा गिअरबॉक्स फार्मॉल कब या शेतीच्या ट्रॅक्टरच्या वळणाचा, इंजिनाची ताकद पट्ट्याऐवजी शाफ्टने मागे नेणारा. १९६९ च्या सुमाराला जॉन डिअरने पांढऱ्या ट्रॅक्टरवर लाल, निळे, पिवळे, नारिंगी बॉनेट देऊन पाहिले. गिऱ्हाइकाला हिरवाच हवा होता. आज तेच रंगीत नग संग्राहक शोधत फिरतात.

जुन्यातला नग निवडताना आधी इंजिन पाहावे. कोलरच्या के मालिकेचा ब्लॉक बीडाचा, त्यामुळे तो बोअर करून, म्हणजे आतून थोडा मोठा कापून, ओव्हरसाइज पिस्टन बसवता येतो. पण कनेक्टिंग रॉड ॲल्युमिनियमचा, आणि तेलाचा पंप नाही: रॉडच्या खालचा चमचा तेल उडवतो तेवढेच वंगण. तेल कमी पडले किंवा उतारावर फार वेळ काम केले की रॉड जाम होऊन तुटतो आणि ब्लॉकला भोक पाडतो. असे भोक वेल्डिंगने बुजवलेले आढळते. पॅकिंगच्या आसपास ताजा रंग दिसला तर खरवडून पाहा. १० अश्वशक्तीच्या पुढच्या बऱ्याच के इंजिनांत कंपन कमी करायला बॅलन्स गिअर दिले होते. त्यांचे बेअरिंग झिजले की तेही फुटतात, म्हणून इंजिन उघडलेच तर बहुतेक मेकॅनिक ते काढूनच टाकतात.

सिलिंडरमधला दाब मोजणाऱ्या काँप्रेशन गेजवर फार विसंबू नये. चालू करायला सोपे जावे म्हणून अनेक इंजिनांत कमी वेगाला एक्झॉस्ट व्हाल्व्ह किंचित उघडा ठेवणारी योजना आहे, त्यामुळे चांगल्या इंजिनाचाही आकडा कमी येतो. लीक-डाउन चाचणी घ्यावी, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून ती किती गळते ते पाहावे.

इंजिन फिरते पण ठिणगी नाही, असे असेल तर बहुतेकदा पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणारे विजेचे संपर्क, काळवंडलेले असतात. ते साफ करून फट ०.०२० इंच ठेवावी. कार्ब्युरेटरची मुख्य सुई अलगद बंद करून साधारण दोन वळसे उघडावी आणि इंजिन तापल्यावर पुन्हा जुळवावी. इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुने रबरी पाइप मऊ पडून आतून सुटतात. ते तुकडे सुईच्या तोंडाशी अडकतात, म्हणून पाइप बदलल्याशिवाय कार्ब्युरेटर उघडण्यात अर्थ नाही. स्टार्टर आणि जनरेटर एकच असलेल्या मॉडेलात जनरेटर किंवा रेग्युलेटर बदलल्यावर पोलरिटी द्यावी लागते: रेग्युलेटरच्या बॅटरी आणि आर्मेचर टर्मिनलांना वायरने क्षणभर जोडायचे. हे विसरले तर चार्जिंग होत नाही आणि चांगला रेग्युलेटर फुकट बदलला जातो.

१९८१ मध्ये कब कॅडेटचा धंदा एमटीडी या मोअर बनवणाऱ्या कंपनीकडे गेला, १९८६ मध्ये व्हील हॉर्स टोरो या दुसऱ्या मोअर कंपनीने घेतला. एव्हाना दुकानांतून विकले जाणारे पातळ पत्र्याचे, हलक्या गिअरबॉक्सचे मोअर बाजारात पसरले होते. झीज भरून काढण्याइतके लोखंडच त्यांत नाही.

डेक, म्हणजे पात्यांवरचे आवरण, मात्र जुन्यांचाही पत्र्याचाच. ओले गवत पट्ट्याच्या आवरणाखाली साचून तो वरून गंजतो, म्हणून स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहावे आणि पात्यांचे स्पिंडल (पाती फिरतात ते आस) हाताने हलवून बेअरिंगचा ढिलेपणा तपासावा. हे करताना प्लगची वायर आधी काढायची. अनेक जुन्या मॉडेलांत सीटखाली स्विच नाही. माणूस उठला तरी पाते फिरतच राहते.