मटका

अंकांवर पैसे लावून खेळला जाणारा आणि मुंबईत रूढ झालेला जुगाराचा एक प्रकार. ‘आकडा’ आणि ‘सट्टा मटका’ ही त्याची इतर प्रचलित नावे. खेळणारा शून्य ते नऊ यांपैकी एक अंक किंवा दोन अंकांची जोडी आधी सांगतो. ती ‘फुटली’ तर त्याला ठरलेल्या भावाने पैसे मिळतात. एकेकाळी गिरणगावातल्या टपऱ्यांवर चिठ्ठ्यांनी चालणारा हा खेळ आता मोठ्या प्रमाणात मोबाइलवर खेळला जातो.

उगम : मटक्याच्या उगमाविषयी दोन मते आढळतात. लोकप्रिय मतानुसार कल्याणजी भगत यांनी १९६२ च्या सुमारास वरळीत तो सुरू केला आणि रतन खत्री यांनी १९६४ च्या सुमारास ‘न्यू वरळी मटका’ काढून त्याला आजचे रूप दिले. दुसऱ्या मतानुसार मटका ही मुंबईच्या कापूसबाजारातील जुन्या ‘आकडा’ सट्ट्याची पुढची पायरी होय. न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजचे उघडताना आणि बंद होतानाचे भाव तारेने, पुढे टेलिप्रिंटरने, मुंबईला येत. त्या भावांतील अंकांवर पैजा लागत. हे भाव येणे १९६१ च्या आसपास थांबले, तेव्हा अंक दुसरीकडून मिळवणे भाग पडले. मग चिठ्ठ्या मातीच्या मडक्यात टाकून काढण्याची पद्धत आली आणि खेळाला नाव मिळाले. मडके लवकरच मागे पडून पत्ते आले, नाव मात्र राहिले.

हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. मुंबईचा १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा त्याला आधार देतो. जुगाराच्या अड्ड्याची व्याख्या करताना या कायद्यात कापूस, अफू इत्यादी मालाच्या बाजारभावावर, इतकेच नव्हे तर तो भाव सांगणाऱ्या संख्येतील अंकांवर लावलेल्या पैजांचा वेगळा उल्लेख आहे. पाऊस पडेल की नाही आणि पडला तर किती, यावरच्या पैजाही त्यात आहेत. रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारींच्या क्रमांकांतील अंकसुद्धा सुटलेले नाहीत. ही यादी वेळोवेळच्या दुरुस्त्यांनी वाढत गेली असली, तरी अंक कुठूनही उचलावा आणि त्यावर पैसे लावावेत ही मुंबईची सवय भगत-खत्रींच्या आधीची असावी, हे तिच्यावरून दिसते. पहिल्या निकालासाठीचा ‘ओपन’ आणि दुसऱ्यासाठीचा ‘क्लोज’ हे शब्दही कापसाच्या भावांचेच. ओपन रात्री आणि क्लोज मध्यरात्रीच्या सुमारास हे जुने वेळापत्रक न्यूयॉर्कच्या घड्याळाशी जुळते. तिथे सकाळी बाजार उघडतो तेव्हा मुंबईत अंधार पडलेला असतो.

रचना : तीन पत्ते काढतात आणि त्यांच्या बेरजेचा शेवटचा अंक घेतात. ३, ५, ६ निघाले तर बेरीज १४, म्हणून ओपन ४. क्लोजला २, ६, ९ निघाले तर बेरीज १७, म्हणून ७. जोडी ४७. निकाल ‘३५६-४७-२६९’ असा लिहितात. तीन पत्त्यांच्या गटाला ‘पाना’ किंवा ‘पत्ती’ म्हणतात. क्रम सोडून दिला तर असे एकूण २२० पाने होतात : तिन्ही अंक वेगळे असलेले १२०, दोन सारखे असलेले ९० आणि तिन्ही सारखे असलेले १०. प्रत्येक अंकाच्या वाट्याला बरोबर २२ पाने येतात. पैसे घेणारा तो ‘खायवाल’.

एका अंकाला रुपयाला नऊ रुपये आणि जोडीला नव्वद, हा सर्वसाधारण भाव. दहाही अंकांवर एकेक रुपया लावला तरी हाती नऊच येतात. म्हणजे पत्ते प्रामाणिकपणे काढले तरी दर फेरीत दहावा हिस्सा खायवालाकडे राहतो.

ओढ : मटक्याचे व्यसन का लागते याचे बरेचसे उत्तर जोडीच्या रचनेतच आहे. ४८ लावलेल्या माणसाला ओपन ४ फुटताच अर्धी जोडी लागलेली दिसते. तो क्लोजपर्यंत जागा राहतो आणि ७ आल्यावर ‘एका अंकाने गेली’ म्हणतो. हिशेबात ४७ पासून ४८ आणि १२ सारखेच दूर आहेत, पण त्याला ते तसे वाटत नाही. मानसशास्त्रात याला ‘थोडक्यात हुकणे’ म्हणतात. हा अनुभव खेळणाऱ्याला थांबवण्याऐवजी पुढच्या डावाकडे ढकलतो. बक्षीस कधी मिळेल हे ठाऊक नसले की कृती सर्वांत चिवटपणे चालू राहते, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवरील प्रयोगांतून दाखवले होते. जुन्या निकालांचे ‘चार्ट’ पाहून ‘हा अंक बरेच दिवस आला नाही, आता येणारच’ असे गणित मांडणे हाही या ओढीचाच भाग. मागचे पत्ते पुढच्या पत्त्यांना काही सांगत नाहीत, तरी चार्टचा अभ्यास वर्षानुवर्षे चालतो. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये जुगाराची विकृती व्यसनांच्या गटात घातली. तोवर ती आवेगनियंत्रणाच्या विकारांत मोडत असे.

मोबाइलमुळे खेळाचे नियम बदलले नाहीत, मधला वेळ तेवढा गेला. टपरीवरच्या मटक्यात ओपन-क्लोजमध्ये आणि एका रात्रीपासून दुसऱ्या रात्रीपर्यंत थांबावे लागे. खायवाल ओळखीचा असे आणि उधारी फार चढली की तोच हात आखडता घेई. ऑनलाइन बाजारांत निकाल तासातासाला लागतात आणि पैसे यूपीआयने जातात. जिंकलेली रक्कम घरी न येता अ‍ॅपच्या वॉलेटमध्ये पडून राहते आणि बहुधा तिथूनच पुन्हा लागते. शंभर रुपये एक-अंकी डावात दहा वेळा पूर्ण फिरवले, तर सरासरीने पस्तीसच्या आसपास उरतात. पूर्वी याला आठवडा लागत असे, आता एक दिवस पुरतो. ‘गेलेले काढायचे’ म्हणून पुढचा डाव मोठा लावायची सवय जुनीच आहे, पण आता त्याच फोनवर कर्जाची अ‍ॅपेही असतात.

प्रसार : कल्याण, मिलन, राजधानी ही मटक्याच्या ‘बाजारां’ची परिचित नावे. गोव्यातही मटका मोठ्या प्रमाणात चालतो. तेथे जुगाराविषयीच्या १९७६ च्या कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन कॅसिनोंना वाट मिळाली, तरी मटका बेकायदाच राहिला.

कायदा : जुगार हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतील विषय आहे. तरी ऑनलाइन खेळांसाठी संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगविषयक कायदा संमत केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्यास त्यात तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंड, तर जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व पन्नास लाखांपर्यंत दंड आहे. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. १८८७ च्या कायद्यात मात्र अड्ड्यावर जुगार खेळताना सापडलेला माणूसही गुन्हेगार ठरतो.