तांबी विरघळत नाही

“पाळी गेली तवाच तांबी बी इरघळली आसंल की!” परभणीकडच्या आमच्या मावशी ठामपणे म्हणाल्या. वय बासष्ट. धाकट्या लेकानंतर पुन्हा दिवस राहू नयेत म्हणून गर्भाशयात बसवलेली तांबी, म्हणजे कॉपर-टी, कंबरदुखीसाठी काढलेल्या एक्स-रेत लख्ख दिसत होती. तांबीच्या प्लॅस्टिकमध्ये बेरियम सल्फेट मिसळलेलं असतं, ते एक्स-रेत उमटावी म्हणूनच.

विरघळतं ते फक्त तांबं, तेही कणाकणानं. त्यामुळे शुक्रजंतू लुळे पडतात. सांगाडा पॉलिथिनचा, तो तसाच राहतो. आजच्या ३८०-ए प्रकारच्या तांबीची मुदत १० वर्षं आहे.

मुदत उलटल्यावर आत काय घडतं? बोअरच्या पाण्यानं हीटरच्या कॉइलवर पांढरी खपली चढते, ती आपल्याकडे घरोघरी दिसते. पाण्यातलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापतं, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट मागे उरतं. गर्भाशयातल्या स्रावातही कॅल्शियम आणि बायकार्बोनेट असतंच. तिथे उकळी नाही, पण वर्षं भरपूर असतात. तांब्याच्या झिजलेल्या, खडबडीत तारेवर तोच चुना थराथरानं बसतो. एरवी तांबीच्या खालच्या टोकाचा धागा ओढला की तांबीचे लवचीक हात वर दुमडतात आणि ती अलगद निघते. चुना चढलेले हात दुमडायला कुरकुरतात, धागाही ठिसूळ होऊन तुटतो. त्यात पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं, गर्भपिशवी आक्रसते, तिचं तोंड अरुंद होतं. मग ३२ मिलिमीटर रुंदीची तांबी भिंतीत रुतू लागते.

“तांबी काळजापर्यंत चढते” हे मात्र खोटं. क्वचित ती गर्भाशयाची भिंत भेदून पोटात जाते, पण काळजाकडे वाट नाही. या भीतीपोटीच बायका तपासणी टाळतात. दुसऱ्या टोकाला “पिशवीच काढून टाका” हा सल्ला. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्याचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला, तरी तो सल्ला अजून ऐकू येतो, याची मला चीड येते. रुतलेल्या तांबीसाठी सहसा पिशवी काढावी लागत नाही.

मावशींची आधी सोनोग्राफी झाली. पिशवीचं तोंड मऊ करायला गोळी दिली, मग भूल देऊन हिस्टेरोस्कोपीच्या दुर्बिणीतून बघत चिमट्यानं तांबी सोडवली. ट्रेमध्ये ठेवल्यावर डॉक्टरांनी पहिल्यांदा तिचे दोन्ही हात आणि तार शाबूत आहेत का, ते निरखून पाहिलं. एखादा तुकडा आत राहिला असता तर पुन्हा आत जावं लागलं असतं.