चुनखडी, रुई आणि मोहफुले: पदार्थ बदलतो म्हणजे नेमके काय?

भौतिक बदल उलटवता येतो आणि रासायनिक बदल उलटवता येत नाही, हा शाळेत पाठ केलेला नियम बहुतेकांच्या लक्षात राहतो. परंतु विदर्भातील खेड्यांत नेहमी घडणाऱ्या गोष्टींना तो लावून पाहिला, तर तो दोन्ही बाजूंनी तोकडा पडतो. जिनिंगमध्ये कापसातून सरकी निघाली, की ती रुईला पुन्हा पूर्वीसारखी जोडणे कोणालाही शक्य नाही. तरीही हा बदल भौतिकच, कारण रुईतील सेल्युलोज, म्हणजे तिच्या तंतूंचा मुख्य पदार्थ, आधी जे होते तेच नंतरही राहते. पुढे रुई दाबून गठाण बांधली तरी आकारमानाखेरीज काही बदलत नाही. तीच रुई पेटली, तर मात्र सेल्युलोजचे रेणू मोडतात.

नियमाची दुसरी बाजू चुना उघडी पाडतो. यवतमाळ जिल्ह्यात वणीजवळच्या राजूर भागात चुनखडी भाजणाऱ्या भट्ट्या आहेत. चुनखडी म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. ते साधारण ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापले, की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड, मागे उरतो. शुद्ध चुनखडी १०० किलो घेऊन पूर्ण भाजली, तर हाती ५६ किलो चुना येतो आणि ४४ किलो वजन वायूच्या रूपाने निघून जाते. भट्टीतला खडा दिसायला दगडासारखाच असल्यामुळे दगड नुसता भाजला गेला असे वाटते, पण तराजू वेगळेच सांगतो.

भिंतींना मारण्यासाठी हा चुना पाण्यात विरवतात, तेव्हा खाली जाळ नसतानाही पाणी खदखदू लागते. ५६ किलो चुन्याचा १८ किलो पाण्याशी संयोग होऊन ७४ किलो कॅल्शियम हायड्रॉक्साइड बनते, आणि ती उष्णता या संयोगाची असते. (विरणाऱ्या चुन्यापासून मुलांना लांब ठेवतात ते योग्यच, कारण तो डोळ्यात उडाल्यास दृष्टी जाऊ शकते.) भिंतीवरचा चुन्याचा हात वाळताना आधी जास्तीचे पाणी उडून जाते, एवढा भाग भौतिक. त्यानंतर मात्र चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड सावकाश घेत राहतो, संयोगात अडकलेले पाणी सोडतो आणि पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो. खाणीतील दगड आणि भिंतीवरचा पांढरा थर हे अशा रीतीने एकच संयुग ठरतात. मूळ पदार्थ परत मिळाला, तरीही भाजणे, विरणे आणि घट्ट होणे हे तिन्ही बदल रासायनिकच आहेत.

म्हणून उलटवता येण्यापेक्षा पदार्थाचे रेणू तेच राहिले का, हा प्रश्न अधिक भरवशाचा आहे. बुडबुडे, रंग किंवा उष्णता ही लक्षणे उपयोगी असली तरी पुरेशी नाहीत. गडचिरोली-गोंदियाकडे भिजवलेली मोहफुले आंबू लागली, की त्यांतून बुडबुडे येतात. ते कार्बन डायऑक्साइडचे असतात, कारण किण्व (यीस्ट) फुलांतील साखर मोडून अल्कोहोल तयार करत असते. तोच आंबवलेला रस चुलीवर चढवला, की पुन्हा बुडबुडे येतात, पण आता ते वाफेचे असतात. अल्कोहोल साधारण ७८ अंशांना उकळते, पाणी १०० अंशांना, त्यामुळे आधी निघणाऱ्या वाफेत अल्कोहोलचे प्रमाण अधिक असते आणि ती थंड केली, की मद्य गळते. जाळ, वाफ आणि उग्र वास यांमुळे खरी घडामोड चुलीवरच होते असा समज होतो. प्रत्यक्षात चुलीवर अल्कोहोलचा एकही नवा रेणू तयार होत नाही, आंबवणीत आधीच झालेले अल्कोहोल तिथे केवळ वेगळे काढले जाते.