रिंग्जवर हात का थरथरतात?

डबलबारवर, म्हणजे दोन समांतर दांड्यांवर, सलग वीस डिप्स मारणारा (हातांच्या जोरावर अंग खालीवर करणारा) भरल्या अंगाचा माणूस जिम्नॅस्टिक्सच्या दोराला टांगलेल्या रिंग्जवर पहिल्यांदा चढतो, तो क्षण जवळून पाहण्यासारखा असतो. करायचं फार काही नसतं. दोन्ही रिंग्ज कमरेशी धरायच्या, कोपरं सरळ ठेवायची आणि अंग वर तोलून स्थिर राहायचं. याला ‘सपोर्ट’ म्हणतात. चौथ्या-पाचव्या सेकंदाला हात मनगटापासून खांद्यापर्यंत थरथरू लागतात, रिंग्ज बाहेरच्या बाजूला पळू लागतात आणि पाय जमिनीला लागतात. माझंही पहिल्या दिवशी हेच झालं. आपले दंड कमी पडले असं मला वाटलं आणि पुढचे कित्येक दिवस मी नुसते दंड कमावत राहिलो. थरथर काही गेली नाही.

ती कुठून येते हे समजायला आधी दोराकडे पाहू. स्पर्धेतल्या रिंग्जची चौकट जमिनीपासून ५.८० मीटर उंच असते आणि रिंग्ज २.८० मीटरवर लोंबतात. म्हणजे वरच्या टोकापासून रिंगपर्यंत ३ मीटर लांबी. दोन दोरांमधलं अंतर ५० सेंटिमीटर. आता ६० किलो वजनाचा माणूस सपोर्टमध्ये उभा आहे असं समजा. प्रत्येक हातावर ३० किलो भार. त्याचा एक हात १ सेंटिमीटर बाहेर सरकला, तर दोर तिरपा होतो आणि हाताला पुन्हा मध्यावर ओढतो. या ओढीचा हिशेब सोपा आहे: ३० किलोला १ सेंटिमीटरने गुणायचं आणि ३०० सेंटिमीटरने भागायचं. उत्तर येतं १०० ग्रॅम.

एका केळ्याच्या वजनाइतका हा जोर, आणि त्याने सावरायचा आहे ३० किलोचा भार. डबलबारचा दांडा याच जागी निमूटपणे हवा तेवढा विरोध करतो, आपल्याला त्याची जाणीवही होत नाही. रिंग्जवर तो दांडा नाहीसा होतो आणि त्याचं काम खांद्याभोवतीच्या स्नायूंवर येऊन पडतं. डिप्स मारून कमावलेली ताकद खरीच असते, पण ती वरखाली ढकलण्याची ताकद आहे. आडव्या दिशेने सावरण्याचं काम त्या स्नायूंनी कधी केलेलंच नसतं.

याच हिशेबातून नवशिक्याच्या उपयोगाची एक गोष्ट निघते. दोर ३ मीटरऐवजी १ मीटर ठेवला तर ओढ तिप्पट होते, ३०० ग्रॅम. त्यामुळे सुरुवातीला रिंग्ज कमी उंचीच्या आडव्या बारला आखूड पट्ट्याने बांधाव्यात. उंच झाडाच्या फांदीला लांब पट्ट्याने टांगलेल्या रिंग्ज फोटोत सुंदर दिसतात, पण शिकायला तीच सर्वांत अवघड जागा.

थरथरीत खरं तर दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक बारीक कंप. तो प्रत्येकाच्या हाताला कायमच असतो, सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा. एरवी दिसत नाही, पण स्नायूवर मोठा भार आला आणि तो थकू लागला की वाढतो. दुसरं म्हणजे रिंग्जचं मोठं, सावकाश डोलणं, आणि त्याचं कारण उशीर हे आहे. हात बाहेर सरकला की ताणलेल्या स्नायूकडून संदेश मज्जारज्जूत जातो आणि सुमारे ३० मिलिसेकंदांत पहिलं, ओबडधोबड उत्तर परत येतं. मेंदूमार्गे येणारी जास्त नेमकी दुरुस्ती ५० ते १०० मिलिसेकंद घेते आणि जाणूनबुजून केलेली त्याहून जास्त. तेवढ्या वेळात रिंग पुढे गेलेली असते. म्हणून दुरुस्ती होते ती जुन्या जागेची, गरजेपेक्षा जास्त, आणि रिंग पलीकडे जाते. आंघोळीच्या वेळी गिझरचा नळ फिरवताना हे आपण रोज अनुभवतो. पाणी गार लागतं म्हणून नळ आणखी फिरवतो, गरम पाणी पोचायला वेळ लागतो, आणि मग एकदम चटका बसतो.

शरीराला या उशिरावर एक उपाय ठाऊक आहे: सगळेच स्नायू एकदम आवळायचे. आवळलेला स्नायू स्प्रिंगसारखा वागतो आणि स्प्रिंगला कुणाच्या संदेशाची वाट पाहावी लागत नाही. नवशिका छाती, पाठ, दंडाची पुढची-मागची बाजू, मान, अगदी जबडासुद्धा आवळतो तो याच कारणाने. उपाय लागू पडतो, पण फार महाग पडतो, कारण समोरासमोरचे स्नायू एकमेकांविरुद्ध ओढत राहतात आणि दोघेही लवकर दमतात. काही आठवडे नियमित सराव केला की मज्जासंस्था निवड करायला शिकते. कोणते स्नायू हवेत, किती हवेत आणि हात सरकण्याच्या आधीच कोणत्या बाजूला जोर द्यायचा, हे तिला कळू लागतं.

ताकदीच्या अभ्यासात ही गोष्ट जुनी आहे. मोरितानी आणि डिव्ह्रीस या संशोधकांनी १९७९ मध्ये दाखवलं की व्यायामाच्या पहिल्या काही आठवड्यांत वाढलेली ताकद मुख्यतः मज्जासंस्थेच्या बदलामुळे असते आणि स्नायूच्या जाडीचा वाटा नंतर वाढत जातो. रिंग्जवर हे जितकं लख्ख जाणवतं तितकं मला दुसऱ्या कुठल्याच साधनावर जाणवलेलं नाही. दंडाचं माप तसूभर बदललेलं नसतं आणि पाच सेकंदांचा सपोर्ट वीस सेकंदांवर गेलेला असतो. आपल्याकडे टांगत्या मल्लखांबावर शिकलेल्यांना यातलं बरंच काही ओळखीचं वाटेल. पुरलेला खांब हलत नाही, पण साखळीला टांगलेला खांब अंगाखाली फिरतो आणि डोलतो. पुरलेल्या खांबावर सफाईने येणारी उडी तिथे पुन्हा नव्याने शिकावी लागते.

सुरुवात ओढण्यापासून करावी असं मी म्हणेन. रिंग्ज छातीच्या उंचीवर, टाचा जमिनीत रोवलेल्या, अंग फळीसारखं सरळ ठेवून मागे झुकायचं आणि छाती रिंग्जकडे ओढायची. याला ‘रिंग-रो’ म्हणतात. यात भार किती घ्यायचा हे आपल्या पायांच्या हातात असतं. गुरुत्वमध्य (जिथे सगळं वजन एकवटलं असं धरता येतं तो बिंदू) उंचीच्या सुमारे ५६ टक्क्यांवर, खांदे ८२ टक्क्यांवर आणि पट्टे अंगाशी काटकोनात धरले, तर ६० किलोच्या माणसाचं अंग जमिनीशी ६० अंशांत असताना दोन्ही हातांवर मिळून साधारण २० किलो येतात. ४५ अंशांत २९ आणि अंग जवळजवळ आडवं झालं की ४१. म्हणजे पावलं पुढे सरकवत नेली की भार दुप्पट होतो. लोखंडाच्या वजनांची चळत लागत नाही.

सपोर्टही पाय टेकवून शिकावा. रिंग्ज कमरेच्या उंचीवर, पावलं जमिनीवर, आणि वजन हळूहळू हातांवर. कोपरं पूर्ण सरळ, खांदे कानांपासून दूर खाली दाबलेले आणि पट्टे दंडाला न टेकलेले. ही तिसरी अट सगळ्यात जास्त मोडली जाते, कारण पट्ट्याला दंड टेकवला की रिंग स्थिर होते. पण मग जे शिकायचं होतं तेच निसटतं. पुढची पायरी म्हणजे रिंग्ज बाहेर वळवणं: तळहात मांड्यांकडून समोरच्या दिशेला फिरवायचे, कोपराची खोबण पुढे यायला हवी. त्याने पट्टे दंडापासून आपोआप सुटतात आणि खांदा बाहेरच्या दिशेने फिरलेल्या स्थितीत धरायला शिकतो. दहा सेकंदांचा सरळसोट सपोर्ट जमणाऱ्याला वळवलेल्या रिंग्जवर तीन सेकंदही जड जातात. स्पर्धेत ताकदीची प्रत्येक स्थिती २ सेकंद स्थिर धरावी लागते आणि दोर डोलले तर गुण जातात, यावरून त्या दोन सेकंदांची किंमत कळावी.

मेलबर्न (१९५६) आणि रोम (१९६०) अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये रिंग्जचं सुवर्णपदक जिंकणारे सोव्हिएत आर्मेनियाचे आल्बर्ट अझार्यान ज्या स्थितीसाठी ओळखले जात, तो ‘क्रॉस’ पाहिल्यावर ती करून बघायचा मोह प्रत्येकाला होतो. दोन्ही हात आडवे पसरलेले आणि अंग मध्ये तोललेलं. इथे गणित पाहाच. ६० किलोच्या माणसाच्या प्रत्येक हातावर ३० किलो, खांद्यापासून ६० सेंटिमीटर दूर. खांद्याला खाली ओढणारे स्नायू सांध्यापासून ५ सेंटिमीटरच्या तरफेवर काम करतात असं धरलं, तर त्यांना बारापट जोर लावावा लागतो, म्हणजे ३६० किलोंच्या आसपास. कोपरावरही असाच भार येतो आणि तिथे तो घ्यायला दंडाच्या पुढच्या स्नायूची कंडरा असते. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी चिवट दोरी.

मज्जासंस्था आठवड्यांत शिकते, स्नायू महिन्यांत वाढतो, पण कंडरेचा वेग त्याहून मंद. तिच्यात रक्तपुरवठा कमी आणि पेशी विरळ. डॅनिश संशोधकांनी २०१३ मध्ये टाचेच्या मागच्या कंडरेचा एक विलक्षण अभ्यास प्रसिद्ध केला. १९५५ ते १९६३ च्या अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४ (कार्बनचा किरणोत्सारी प्रकार) वाढला होता. तो कोणत्या वर्षी शरीरात शिरला यावरून ऊतीचं वय काढता येतं. कंडरेचा गाभा माणूस सुमारे १७ वर्षांचा होईपर्यंत बनतो आणि पुढे जवळजवळ बदलत नाही, असं त्यात दिसलं. हा अभ्यास टाचेचा होता, कोपराचा नव्हे. आणि नियमित भाराने प्रौढ माणसाची कंडराही काही महिन्यांत जास्त ताठ होते, हे इतर प्रयोगांतून माहीत आहे. पण घाई करणाऱ्याचं कोपर का दुखतं, हे त्यातून चांगलं उमगतं. थरथर थांबल्यावर आत्मविश्वास येतो, आणि नेमकी तेव्हाच कंडरा सर्वांत मागे असते. म्हणून सरळ हातांचे व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदाच, पाय टेकवून आणि थोडेच करावेत.

स्पर्धेत रिंग्ज फक्त पुरुषांना असतात. शरीरशास्त्रात मात्र बाईने रिंग-रो किंवा सपोर्ट करू नये असं काहीही नाही. वर दिलेलं गणित तिलाही तसंच लागू होतं.

घरी टांगायच्या असतील तर पंख्याच्या हुकाला हात लावू नये. तो हुक पंखा पेलायला असतो, झटके देणारा माणूस पेलायला नाही. जुन्या घरात तुळईला झोपाळ्याच्या कड्या असतील तर त्या हलत्या भारासाठीच बसवलेल्या असतात, तरी जाणकाराकडून तपासून घ्याव्यात. पावसाळ्यात लाकडी रिंग घ्यावी, ओल्या हातात ती प्लास्टिकपेक्षा कमी घसरते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोपराच्या आतल्या बाजूला टोचल्यासारखं दुखत असेल, तर त्या आठवड्यात पाय पुन्हा जमिनीवर.